नोकरी गेली, गृहकर्जाचा हप्ता चालू आहे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांतली कपात असो की चाकण-रांजणगावातल्या कारखान्याने कमी केलेली पाळी, घरी आल्यावर पहिला प्रश्न हप्त्याचाच असतो. खालची आकडेमोड समजायला सोपी जावी म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे: ५० लाखांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षे मुदत, हप्ता ४३,३९१ रुपये. पाच वर्षे हप्ते नियमित भरल्यावर साधारण ४४.०६ लाख मुद्दल बाकी राहते. तुमचे आकडे वेगळे असतील, पण गणिताची चाल हीच राहील.

नोकरी गेल्याचे कळले त्या आठवड्यात नेमके काय करायचे?

आधी तीन तारखा कागदावर लिहा: हप्ता कापला जाण्याची तारीख, फुल अँड फायनलचे (कंपनीने अखेरचा हिशोब करून द्यायचे) पैसे येण्याची तारीख आणि शेवटच्या पगाराची तारीख. मग हप्ता ज्या खात्यातून कापला जातो त्यात किमान तीन हप्त्यांची रक्कम बाजूला टाका.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ते खाते तुमचे पगार खाते असेल तर काही महिने पगार जमा न झाल्यावर बँक त्याचे साधे बचत खाते करून टाकते आणि किमान शिल्लक राखण्याची अट लागू होते. मग हप्त्याच्या तारखेआधीच शिल्लक कमी असल्याचा दंड कापला जातो, रक्कम चार-पाचशे रुपयांनी कमी पडते आणि अख्खा हप्ता परत जातो. म्हणून खात्यात हप्त्यापेक्षा थोडे जास्त पैसे ठेवा.

घाईत नव्या खात्यावर मँडेट (हप्ता आपोआप कापण्याची बँकेला दिलेली परवानगी) बदलायलाही जाऊ नका. नवे मँडेट नोंदवून होईपर्यंत जुन्याच खात्यावर मागणी येत राहते आणि तेवढ्यात एखादा हप्ता हुकतो.

कंपनीने चांगली रक्कम दिली आहे. ती कर्जात भरून मोकळे व्हावे का?

नाही. या काळात होणारी सगळ्यात महाग चूक हीच. कर्जात पाच लाख भरले की मुद्दल कमी होते, पण पुढच्या महिन्याचा हप्ता माफ होत नाही. ५ तारखेला ४३,३९१ रुपये लागतातच. भरलेले पैसे बँक परत देत नाही आणि पगाराची पावती नसताना टॉप-अप (त्याच घरावरचे वाढीव) कर्जही मिळत नाही. पाच लाख हातात असले तर साडेअकरा हप्ते निघतात.

अंशतः भरणा करायचाच असेल तर बँकेला लेखी सांगा की मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करा. काही न सांगितल्यास बँका बहुधा मुदत कमी करतात आणि हप्ता आहे तेवढाच राहतो. अर्थात कर्ज संपण्याइतकेच पैसे आले असतील तर प्रश्नच नाही. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही.

ज्यांचे कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे आहे, उदाहरणार्थ स्टेट बँकेचे मॅक्सगेन, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे ठेवलेले जादा पैसे व्याजही वाचवतात आणि गरजेला काढताही येतात.

बँकेला सांगावे का? सांगितले तर कर्जच परत मागतील अशी भीती वाटते.

सांगा, आणि पहिला हप्ता चुकण्याआधी सांगा. हप्ते वेळेवर येत असताना केवळ नोकरी गेली म्हणून बँक सहसा कर्ज परत मागत नाही. तिलाही खाते नियमित राहण्यातच फायदा असतो. शिवाय नोकरी बदलल्याची माहिती देण्याची अट बऱ्याच करारांत असतेच.

ज्या काउंटरवर पासबुक छापतात तिथे सांगून उपयोग नाही. गृहकर्ज विभाग किंवा तुमचे कर्ज सांभाळणारे केंद्र कुठे आहे ते विचारा. शाखेच्या अधिकाऱ्याकडे अर्ज दिला तर तो पुढे पाठवायला सांगा, आणि आपल्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय उठू नका. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी ईमेलने लिहून कळवा. तीन महिन्यांनी वसुली विभागातला माणूस वेगळा असतो आणि त्याला आधीचे काहीच माहीत नसते.

अर्जात काय लिहायचे?

एक पान पुरे. कर्ज खाते क्रमांक, नोकरी संपल्याची तारीख, आजवर हप्ते नियमित भरल्याचा उल्लेख, पुढचे किती हप्ते पूर्ण भरू शकता, त्यानंतर महिना किती रक्कम झेपेल आणि नेमकी मागणी. “मदत करावी” अशी मोघम विनंती फाइलमध्ये पडून राहते. “शिल्लक मुदत १८० वरून ३०० महिने करून हप्ता कमी करावा” यावर मात्र कुणाला तरी हो किंवा नाही म्हणावेच लागते. सोबत रिलीव्हिंग किंवा कपातीचे पत्र, शेवटच्या तीन पगार पावत्या, सहा महिन्यांचे खाते उतारे आणि सहकर्जदाराच्या उत्पन्नाचा पुरावा जोडा.

हप्ता कमी करण्याचे कोणते मार्ग खरोखर चालतात?

पहिला, व्याजदर. तुमचे कर्ज अजून जुन्या एमसीएलआर किंवा बेस रेटवर (बँकेने स्वतः ठरवलेल्या मूळ दरांवर) असेल तर रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याच्याशी) जोडलेल्या दरावर जाता येते का ते विचारा. बँका १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडूनच देतात. २०२५ मध्ये रेपो दर ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने खाली आला. तुमचा दर त्या प्रमाणात उतरला आहे का, आणि उतरला असेल तर हप्ता कमी झाला की नुसती मुदत, हे खाते उताऱ्यावर पाहा. हाउसिंग फायनान्स कंपन्यांचे दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दरावर ठरतात. तिथे थोडे रूपांतर शुल्क भरून दर कमी करून मिळतो, पण मागावा लागतो.

दुसरा, मुदत वाढवणे. आपल्या उदाहरणात उरलेली १५ वर्षे २५ केली तर हप्ता ४३,३९१ वरून सुमारे ३५,४८० वर येतो, म्हणजे महिना जवळपास आठ हजारांची सोय होते. ही वाढीव मुदत तशीच चालू ठेवली तर एकूण व्याज सुमारे २८ लाखांनी वाढेल हे खरे. पण ते पंचवीस वर्षे मुकाट्याने भरत राहिलात तर. नोकरी लागल्यावर हप्ता पुन्हा वाढवून घेता येतो. अडचण वयाची असते: निवृत्तीच्या वयापलीकडे मुदत न्यायला बँक तयार होत नाही, त्यामुळे पन्नाशीतल्या कर्जदाराला या वाटेने फार थोडे मिळते.

तिसरा, काही महिने फक्त व्याज भरणे. उदाहरणात ते महिना सुमारे ३१,२०० रुपये होते. म्हणजे सवलत बारा हजारांची. कर्ज नवे असेल तर हप्त्यात व्याजाचाच भाग मोठा असल्याने ही सवलत आणखी तोकडी ठरते.

करोनात मिळाली तशी हप्ते थांबवण्याची सवलत आता मिळते का?

ती मार्च ते ऑगस्ट २०२० पुरती होती. आज कुणालाही ती हक्काने मिळत नाही. बँक आपल्या धोरणानुसार एकेका कर्जदाराबाबत ठरवते. मिळाली तरी फुकट नसते. आपल्या उदाहरणात सहा महिने काहीच भरले नाही तर १.९१ लाख व्याज मुद्दलात मिसळते, आणि नंतर तोच हप्ता ठेवल्यास उरलेले १८० हप्ते सुमारे १९७ होतात.

पुनर्रचना आणि मुदतवाढ यात फरक काय? बँकेचा माणूस दोन्ही एकच असल्यासारखे बोलतो.

फरक मोठा आहे आणि तो तुमच्या सिबिल अहवालावर (क्रेडिट ब्युरोने ठेवलेल्या कर्जफेडीच्या नोंदीवर) दिसतो. खाते नियमित असताना, व्याजदर बदलाच्या वेळी मुदत किंवा हप्ता यांपैकी एक निवडणे हा रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दिलेला पर्याय आहे. मात्र कर्जदार आर्थिक अडचणीत आहे म्हणून बँकेने दिलेली सवलत ‘पुनर्रचना’ ठरते. तशा खात्याचा दर्जा सहसा खाली आणला जातो आणि अहवालात तसा शेरा येतो. म्हणून क्रम असा ठेवा: खाते नियमित असतानाच आधी दर, मग मुदत, आणि त्यानेही भागत नसेल तरच पुनर्रचना. पुनर्रचनेच्या कागदांवर सही करण्यापूर्वी “याची नोंद क्रेडिट ब्युरोकडे कशी जाईल?” हे लेखी विचारा.

एक हप्ता चुकला तर नेमके काय होते?

ज्या बँकेतून हप्ता कापला जातो ती आणि कर्ज देणारी संस्था, दोघीही हप्ता परत गेल्याचे (बाउन्सचे) शुल्क लावतात, वर जीएसटी. कर्ज देणाऱ्या संस्थेने तीच मागणी पुन्हा पाठवली आणि ती पुन्हा परत गेली तर शुल्क पुन्हा लागते. पैसे नसल्याची खात्री असेल तर गप्प राहू नका. वसुली विभागाला अमुक तारखेला ऑनलाइन भरतो असे लेखी कळवा.

उशिराचा दंड आता ‘दंडात्मक व्याज’ म्हणून व्याजदरात मिसळता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो वेगळा आकार म्हणून दाखवावा लागतो आणि त्यावर पुढे व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात तसे दिसले तर हरकत घ्या.

खात्यात पैसे नसल्याने स्वयंचलित हप्ता परत जाणे हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. तशी नोटीस आली तर ती कचऱ्यात टाकू नका; नोटिशीतल्या मुदतीत पैसे भरले की पुढचे टळते.

९० दिवसांचा नियम म्हणजे काय?

थकबाकी १ ते ३० दिवसांची असेल तर खाते एसएमए-० (‘विशेष उल्लेखित’, म्हणजे लक्ष ठेवण्याजोगे), ६० दिवसांपर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२, आणि त्यापुढे एनपीए (अनुत्पादक, म्हणजे थकीत ठरलेले कर्ज). बेरोजगारीच्या काळातला सगळा हिशोब या ९० दिवसांभोवती बांधा.

दिवस मोजतात ते सर्वांत जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून. ५ जूनचा हप्ता चुकला आणि पुढे काहीच भरले नाही तर ३ सप्टेंबरला खाते एनपीएत जाते. ऑगस्टमध्ये एक पूर्ण हप्ता भरला तर तो जूनच्या हप्त्यापोटी जमा होतो, सर्वांत जुनी थकबाकी ५ जुलैची उरते आणि सीमा ३ ऑक्टोबरला सरकते. त्यामुळे दोन महिन्यांचे वीस-वीस हजार तुकड्यातुकड्याने भरण्यापेक्षा एक हप्ता पुरा करणे जास्त कामाचे.

यात एक खाच आहे. भरलेल्या पैशातून आधी बाउन्सचे शुल्क वळते झाले तर हप्ता पाच-सहाशे रुपयांनी अपुरा राहतो आणि दिवसांची मोजणी जुन्या तारखेपासून चालूच राहते. पैसे भरताना “ही रक्कम अमुक महिन्याच्या हप्त्यापोटी” असे ईमेलने कळवा आणि दुसऱ्या दिवशी उतारा पाहा. खाते एकदा एनपीए झाले की एक हप्ता भरून भागत नाही. मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी भरल्यावरच ते पुन्हा नियमित होते.

पीएफ काढावा का?

हप्त्यासाठी काढायला हरकत नाही, पण शेवटी नव्हे आणि एकदम पहिल्यांदाही नव्हे: बचत आणि मुदत ठेव यांच्यानंतर, सोन्यावरच्या कर्जाच्या आधी. हिशोबात ७५ टक्केच धरा. उरलेले २५ टक्के पूर्वी दोन महिने बेरोजगार राहिल्यावर मिळत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या संस्थेच्या) केंद्रीय विश्वस्त मंडळाने ती मुदत १२ महिने करण्याचा निर्णय घेतला. सलग पाच वर्षांची नोकरी झालेली नसेल तर काढलेल्या रकमेवर कर लागतो. आधीच्या कंपनीचा पीएफ हस्तांतरित केला असेल तर ती वर्षेही मोजली जातात, म्हणून हस्तांतरण राहिले असेल तर आधी ते करा.

दावा अडकतो तो बहुधा दोन कारणांनी. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते (शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते) किंवा आधार आणि यूएएनवरच्या (पीएफच्या कायम क्रमांकावरच्या) नावात फरक असतो. नोकरी चालू असतानाच हे तपासून ठेवणाऱ्यांचे पैसे लवकर येतात.

पगार २१,००० रुपयांपर्यंत होता आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात होता, असे कारखान्यातले कर्मचारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के दराने, आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत भत्ता मागू शकतात. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते. अर्ज करताना ती चालू आहे का ते पाहा.

उसने पैसे घ्यायचेच तर कुठून?

विमा पॉलिसीवरचे कर्ज, पीपीएफवरचे कर्ज, मुदत ठेवीवरची उचल, मग सोनेतारण. क्रेडिट कार्डवरून रोख काढून गृहकर्जाचा हप्ता भरणे म्हणजे साडेआठ टक्क्यांचे कर्ज वर्षाला छत्तीस टक्क्यांच्या पुढच्या कर्जाने फेडणे. मोबाइल ॲपवरची झटपट कर्जे तर विचारातही घेऊ नका.

कर्जासोबत विमा घेतला होता. तो हप्ते भरेल ना?

बहुतेकदा नाही. कर्जासोबत विकलेल्या पॉलिसीत मृत्यू आणि गंभीर आजार असतो. नोकरी जाणे असलेच तर जोडकलम म्हणून आणि साधारण तीन हप्त्यांपुरते. स्वतःहून दिलेला राजीनामा, परिवीक्षा काळ आणि कामगिरीवरून काढणे यांना संरक्षण नसते. म्हणूनच कंपनी “राजीनामा द्या, चांगले पत्र देतो” म्हणते तेव्हा सही करण्यापूर्वी पॉलिसी उघडून पाहा.

फ्लॅट भाड्याने देऊन आपण आईवडिलांकडे किंवा लहान घरात राहिलो तर?

घरात माणसे सांभाळून घेणारी असतील तर हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. मात्र हातात पडणारे भाडे जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा कमी असते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे. एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. सोसायटी भोगवटेतर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याचा आकार) लावते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. मनमानी आकार मागितला तर उपविधी दाखवा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची असते. कर्जकरारात भाड्याने देण्याआधी बँकेची संमती घ्यावी असे कलम आहे का तेही पाहा.

पुणे महापालिका हद्दीतल्या घरमालकांनी आणखी एक हिशोब धरावा. स्वतः राहत असल्याबद्दल मिळकत करात मिळणारी ४० टक्क्यांची सवलत घर भाड्याने दिल्यावर राहत नाही, आणि परत राहायला आल्यावर ती पुन्हा मिळवण्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो.

भाडेकरूची अनामत हप्त्यात घालू नका. अकरा महिन्यांनी ती त्याला परत द्यायची आहे.

घर अजून बांधकामात आहे. भाडे आणि प्री-ईएमआय (घर मिळेपर्यंत भरायचे फक्त व्याज) दोन्ही चालू आहेत.

सगळ्यात कठीण स्थिती हीच, कारण भाड्याने द्यायलाही घर नाही. कर्जाचा पुढचा टप्पा उचलण्याआधी बँकेशी बोला, कारण पगार बंद असल्याचे कळल्यावर बँक पुढचे पैसे रोखू शकते. बिल्डरला द्यायचा टप्पा थकला तर महारेराच्या नियमांप्रमाणे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक २ टक्के व्याज लागते. करारातले रद्द करण्याचे कलम आताच वाचून ठेवा: किती नोटिसा, किती दिवस, किती कपात.

वसुलीवाले घरी आले, शेजाऱ्यांसमोर बोलले. हे चालते का?

नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार फोन आणि भेट सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच. धमकी, अपमान, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास देणे यांना मनाई आहे. ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागा, नाव-वेळ लिहून ठेवा. रोख पैसे कुणाच्याही हातात देऊ नका. तक्रार आधी बँकेकडे लेखी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर.

बँक घर कधी आणि कसे ताब्यात घेते?

तारण मालमत्तेतून वसुली करण्याच्या सरफेसी कायद्याप्रमाणे (२००२). खाते एनपीए झाल्यावर कलम १३(२) ची नोटीस येते आणि ६० दिवस मिळतात. या काळात लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. हा हक्क बहुतेक लोक वाया घालवतात. रकमेत चूक असेल, भरलेले हप्ते धरलेले नसतील, तर इथेच मांडा. त्यानंतर ताब्याची नोटीस दारावर लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते; तिच्याविरुद्ध ४५ दिवसांत पुण्यातल्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. अपील मुंबईला, आणि त्यासाठी मोठी रक्कम आधी भरावी लागते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँका सहसा जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १४ खाली जातात.

सगळे पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. लिलावाच्या दिवशी चेक घेऊन गेल्यास उशीर झालेला असतो. लिलावात जास्त पैसे आले तर बँकेचे देणे आणि खर्च वजा जाता उरलेले तुमचे. कमी आले तर फरक तुमच्या डोक्यावर राहतो.

मग स्वतःच विकणे बरे का?

सहा महिन्यांत उत्पन्नाची आशा नसेल तर होय, आणि १३(२) ची नोटीस येण्याआधी. त्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, आणि खरेदीदारही ते ओळखून भाव पाडतो. कर्ज असलेला फ्लॅट विकता येतो: बँकेकडून फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारे) आणि जमा कागदपत्रांची यादी घ्या, खरेदीदाराची बँक तुमच्या बँकेला थेट पैसे देते, कागदपत्रे सुटतात, उरलेली रक्कम तुम्हाला मिळते. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत द्यावी लागतात. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ताबा मिळालेले आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकल्यास जुन्या करप्रणालीत मुद्दलावर घेतलेली ८०सी ची वजावट परत उत्पन्नात येते. हे सौदा ठरवण्याआधी सीएला विचारा.

सिबिल बिघडले तर नवी नोकरी मिळायला अडचण येते का?

बँका, वित्त कंपन्या आणि त्यांचे काम करणाऱ्या काही आयटी कंपन्या पार्श्वभूमी तपासणीत क्रेडिट अहवाल पाहतात. एक-दोन उशिरा हप्ते सहसा आड येत नाहीत. एनपीए आणि ‘सेटल्ड’ (ठरवून कमी रकमेत मिटवलेले कर्ज) हे शेरे आड येऊ शकतात. सहकर्जदार म्हणून पत्नी किंवा वडिलांचे नाव असेल तर प्रत्येक उशीर त्यांच्याही अहवालात जातो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

नोकरी लागली. आता पहिले काय?

पहिल्या पगारातून थकबाकी पूर्ण भरा, मग शुल्काचा वाद मिटवा आणि थकबाकी शून्य असल्याचे पत्र घ्या. नव्या पगार खात्यावर मँडेट नोंदवा, पण पहिला हप्ता तिथून कापला जाईपर्यंत जुन्या खात्यातही पैसे ठेवा. मुदत वाढवून घेतली असेल तर परिवीक्षा संपल्यावर हप्ता पुन्हा मूळ रकमेवर नेण्याचा अर्ज द्या. बँक तो स्वतःहून वाढवत नाही. दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढा आणि भरलेले हप्ते थकीत दिसत असतील तर बँक व ब्युरो दोघांकडेही दुरुस्ती मागा.